फेरीतला नवा थांबा

१

कीर्तन संपलं. आरतीचं तबक मंडपभर फिरून परत आलं. गळ्यातला हार उतरवायला कीर्तनकार कोकिळाबाईंनी हात वर केले, तेवढ्यात मंदिरामागून एका बाईचा आवाज आला. किंकाळी नव्हती ती. "इथे कुणीतरी पडलंय, इथे कुणीतरी पडलंय," असं ती बाई पाढा म्हटल्यासारखं म्हणत होती.

तापीच्या घाटावरच्या संत दामूबुवांच्या मंदिरामागे, किल्ल्याच्या भिंतीला लागून, एक जुना दगडी हौद आहे. त्यातलं पाणी आटून पिढ्या लोटल्या. ती बाई बाहेरगावची पाहुणी, फोटो काढायला म्हणून तिकडे गेली होती. हौदाच्या तळाशी, वाळल्या पानांत, नंदकुमार महाजन पालथा पडला होता. डोक्यामागे रक्त सुकलं होतं आणि त्यावर माशा बसल्या होत्या. म्हणजे बराच वेळ झाला होता.

नंदकुमारला ओळखत नाही असा माणूस बऱ्हाणपुरात शोधावाच लागेल. दर रविवारी सकाळी सातला तो शनवारा दरवाजाशी उभा राहायचा, गळ्यात लाल उपरणं, हातात छत्री, आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना पायी शहर दाखवायचा. शनवाऱ्यातून लोधीपुऱ्यात, तिथून निळ्या-हिरव्या-गुलाबी घरांच्या उतरत्या गल्ल्यांमधून किल्ल्यापाशी, आणि किल्ल्यावरून पायऱ्यांनी खाली तापीकाठी. "इथे सुरतेची जहाजं लागायची," असं तो घाटावर छत्री रोखून ठोकून द्यायचा. जहाजं कसली, बैलांचे तांडे यायचे! पण ऐकणारा खूश, सांगणारा त्याहून खूश.

आज त्याचे बारा पाहुणे मंडपात बसून कीर्तन ऐकत होते. नंदकुमार येईल आणि मग पुढे जाऊ, या भरवशावर. आणि तो सबंध कीर्तनभर तीस पावलांवर पडून होता. आज कोकिळाबाईंनी नामाचा महिमा सांगितला होता. लोकांना दोनदा हसवलंही होतं.

मंडपात महाजनांची पाच-सहा घरं होती. बातमी कळली तशी ती माणसं उठली आणि सुतकाच्या रीतीप्रमाणे अंगावरच्या कपड्यांनिशी नदीत उतरली. नंदकुमारचा चुलतभाऊ पंकज, मंदिराची सेवा पाहणारा, तेवढा मंडपाबाहेर बांबूला धरून उभा राहिला. "मी आधीच भिजलोय," तो कुणालातरी म्हणाला. खरंच होतं ते. सकाळी पायरीवरून घसरून तो नदीत पडला होता, तळहातही खरचटला होता. म्हणूनच आज कोकिळाबाईंना हार त्यानं नव्हे, पेटीवर बसणाऱ्या सुमननं घातला होता.

पोलीस आले. ठाण्याच्या इन्स्पेक्टर, टीआय अश्विनी मॅडम, हौदात उतरल्या आणि पानांतून एक वस्तू रुमालात धरून वर आल्या. छोटी लोखंडी हातोडी, दांड्याला लाल दोरा गुंडाळलेला.

"ही कुणाची?"

कोकिळाबाईंना विचारायची गरजच नव्हती. तो दोरा गेल्या दसऱ्याला त्यांनीच गुंडाळून दिला होता. ती तबला सुरात लावायची हातोडी होती, त्यांच्या निंबाची.

२

निंबा त्यांच्या कीर्तनाला सव्वीस वर्षं तबला वाजवत होता. इतक्या वर्षांत बायका नवऱ्यांना विटतात, पण निंबानं बाईंची सम कधी चुकवली नव्हती. आज मात्र तो वीस मिनिटं उशिरा आला होता. आल्यावर पिशवीत हातोडी शोधली, मंडपाचे कोपरे धुंडाळले, शेवटी घाटावरचा एक गोटा उचलून तबल्याच्या लाकडी गठ्ठ्यांवर ठोकला होता. तबला शेवटपर्यंत सुराला थोडा उतरलेलाच राहिला.

"माताजी, धमकी याची, हातोडी याची, उशीर याचा," अश्विनी मॅडम म्हणाल्या. "मला आणखी काय पाहिजे?"

धमकी अख्ख्या शनवाऱ्यानं ऐकली होती. लोधीपुऱ्यात निंबाच्या घरासमोर नंदकुमार दर रविवारी फेरी थांबवायचा आणि सांगायचा, की ह्याच घरातल्या नगारचीनं नगारा वाजवून वैऱ्याला इशारा दिला, म्हणून किल्ल्याचा दरवाजा उघडला. "गद्दाराचं घर!" पाहुणे हसत, फोटो काढत. गोष्टीला शेंडा ना बुडखा. पण त्या पाहुण्यांत एकदा निंबाच्या मुलीच्या, भूमिकेच्या, होणाऱ्या सासरची माणसं निघाली, आणि ठरलेलं लग्न मोडलं.

शनिवारी चहाच्या टपरीवर निंबानं नंदकुमारची कॉलर धरली होती. "तुझी एक तरी गोष्ट खरी हाय का रे? उद्या माह्या दाराशी थांबलास, तं तुह्या डोक्याचा तबला करीन."

आता तेच शब्द पोलिसांच्या कागदावर उतरले होते. निंबाला गाडीत बसवलं. उद्या दुपारी बाराला कोर्टात उभं करणार होते. भूमिका घाटाच्या वरच्या पायरीवर उभी होती, दोन्ही हातांनी वडिलांच्या तबल्याची पिशवी छातीशी धरून. गुरुवारी धूलकोटची माणसं तिला बघायला येणार होती.

"काकू," ती म्हणाली, "आधी गद्दाराचं घर होतं. आता काय म्हणतील?"

कोकिळाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. घरी नेऊन पोरीला चहा पाजावा, की आधी कोतवालीचं पोलीस ठाणं गाठावं? त्यांनी दोन्ही करायचं ठरवलं.

३

कोतवालीत निंबा बाकावर बसून मांडीवर बोटं वाजवत होता. भीती वाटली की त्याची बोटं आपोआप चालत.

"बाई, मी नाई मारलं. बोल्लो होतो, ते खरं. बोल्लेलं सगळं करत असतो, तं आतापावेतो निम्मं बऱ्हाणपूर मेलं असतं."

"उशीर का झाला?"

निंबा भिंतीकडे बघत म्हणाला, "दर रविवारी मी दार लावून आत बसतो. फेरी येते, तो त्याचं आख्यान लावतो, लोकं हासतात, फेरी जाते. मंग मी निघतो. त्यांच्या समोरून निघायची लाज वाटते मले. आज फेरी आलीच नाई. मी आपला वाट बघत बसलो, आता येईन, मंग येईन. मंग घड्याळ पाह्यलं."

"आणि हातोडी?"

"काल मंदिरातच राहिली. कीर्तन झाल्यावर तबल्यासंगं ठिवली होती. किल्ली पंकजभाऊजवळ. सकाळी पाह्यलं तं नाई."

अश्विनी मॅडमनी ऐकून घेतलं, पण मान हलवली. "वाट बघत होता, याला साक्षी कोण? मुलगी. मुलगी बापाविरुद्ध बोलेल?" बाईंच्या विनंतीवरून त्यांनी टेबलावर हौदातल्या वस्तू मांडल्या. "बघा, काही लपवलेलं नाही. हातोडी. मयताची पिशवी, छत्री. पिशवीशेजारी पडलेला हा जुना फोटो. आणि हा एक खिळा."

फोटो काळापांढरा, कडा कुरतडलेल्या. फुलं वाहिलेल्या लाकडी खडावा होत्या त्यात. दामूबुवांच्या, मंदिरात रोज पुजल्या जातात त्याच. डाव्या खडावेची टाच झिजून पातळ झालेली, कडेचा एक टवका उडालेला. दामूबुवा डाव्या पायानं लंगडत, हे बऱ्हाणपुरात पोरंही सांगतील. बाई त्या फोटोकडे बघत राहिल्या. आपल्या कपाळाला काहीतरी आठवतंय आणि डोक्याला आठवत नाही, असं विचित्र वाटलं त्यांना.

"गाइड होता, फोटो असणारच," मॅडम म्हणाल्या.

"आणि खिळा?"

"हौदात काय, काहीही सापडतं."

खिळा मात्र कोरा करकरीत होता. गंजाचा ठिपका नाही.

परतताना बाई मंदिरावरून गेल्या. पंकज खालच्या पायरीवर, देवाकडे पाठ करून बसला होता. आतली पूजा सुमन करत होती.

"दहा दिवस आता असाच बाहेर, काकू," तो म्हणाला. डोळे सुजलेले. "नंदूशी भांडण असेल, नसेल, रक्ताचं सुतक चुकतं का?"

पंकजचा नेमधर्म सगळ्या घाटाला ठाऊक होता. हार जमिनीला टेकला तर तो फेकून दुसरा ओवायचा. नैवेद्यावरून माशी उडाली तर पुन्हा चूल पेटवायचा. मागच्या वर्षी देडतलाईचे त्याचे काका वारले, निरोप दोन दिवसांनी पोचला, तर हा रडकुंडीला येऊन कोकिळाबाईंकडे आला होता: मधल्या दोन दिवसांत मी देवाला शिवलो, आता कसं? बाईंनीच त्याची समजूत घातली होती, की बाबा, सुतक कानावर आल्यापासून. माहीत नव्हतं तोवर तुला दोष नाही. तेव्हा कुठे तो जेवला होता.

"नंदकुमार सकाळी इकडे आला होता का रे?"

"मी पाहिला नाही, काकू. मी पहाटेपासून मंदिराच्या कामात."

"हात कसा आहे?"

त्यानं तळहात उघडून दाखवला. खरचटलं होतं, पण आरतीचं तबक धरता येणार नाही इतकं नव्हतं.

४

सोमवारी सकाळी सातला कोकिळाबाई शनवारा दरवाजाशी उभ्या राहिल्या. शेजारी तृप्ती, नंदकुमारच्या हाताखाली फेरी शिकणारी मुलगी.

"कालची फेरी मला जशीच्या तशी घडव," बाई म्हणाल्या. "जिथे थांबलात तिथे थांब. जे बोलला ते बोल."

"मावशी, पोलिसांनी पण नाही विचारलं एवढं." तृप्ती चालू लागली. "एक सांगून टाकते, नाहीतर दुसरं कोणी सांगेल. मेरा भी झगडा था उनसे. अर्ध्या गोष्टी मी शोधून आणलेल्या, आणि मला म्हणायचे, तू छत्री धर. स्वतंत्र फेरी मागितली, तर म्हणाले, आधी दहा वर्षं चाल."

"मग मारलंस का?"

"बारा लोक सोबत होते ना माझ्या." ती चालता चालता म्हणाली, "आणि गोष्ट सांगताना त्यांच्याकडे बघत राहावंसं वाटायचं, मावशी. खोटं असलं तरी."

शनवाऱ्यापासून त्या उतरत निघाल्या. नुकतीच झाडलेली दारं, ओट्यावर दात घासणारी माणसं, भिंतीला टेकवलेले केळीचे घड. प्रत्येकजण कोकिळाबाईंना हात जोडत होता आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत तोच प्रश्न होता. लोधीपुऱ्याच्या तोंडाशी तृप्ती उजवीकडे वळली.

"इकडून कुठे? निंबाचं घर डावीकडे."

"काल इकडूनच गेलो. नंदूदादा बोलले, नगारचीचा थांबा आजपासून बंद."

कोकिळाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. "का?"

"मी पण विचारलं. तर म्हणाले, निंब्यानं काल चारचौघात विचारलं, तुझी एक तरी गोष्ट खरी आहे का. मला झोप नाही आली. आज नवा थांबा घेतो. आज गोष्ट नाही सांगत, पुरावा दाखवतो."

म्हणजे धमकी लागू पडली होती. निंबा बंद दाराआड अपमानाची वाट बघत बसला होता, आणि अपमान दुसऱ्या गल्लीनं निघून गेला होता. निंबा खरंच सांगत होता. फेरी येणार नाही, हे त्याला माहीत असतं तर तो वेळेवर आला असता. आणि जो दाराशी थांबलाच नाही, त्याच्यावर हात कशाला उचलायचा?

"नवा थांबा कुठे होता?"

"ते सांगितलं नाही. किल्ल्यावर पोचलो तेव्हा पावणेआठ. मला बोलले, तू सगळ्यांना लांबच्या पायऱ्यांनी आरामसे घेऊन ये, मी पुढे जाऊन तयारी करतो. आणि त्या वाटेनं उतरले."

तृप्तीनं बोट दाखवलं. किल्ल्याच्या भिंतीतून एक अरुंद पायवाट खाली जात होती. कोकिळाबाई चपला हातात घेऊन ती उतरल्या. साठीच्या गुडघ्यांनी प्रत्येक पायरीला नावं ठेवली. वाट संपली तिथे समोर कोरडा हौद होता, आणि हौदापलीकडे दामूबुवांच्या मंदिराची पाठ. ह्या वाटेनं दुसरं काहीच लागत नव्हतं.

नवा थांबा मंदिरातच होता.

५

कीर्तनात पूर्वरंगात सिद्धांत मांडायचा आणि उत्तररंगात आख्यान लावायचं. इथे आख्यान आधी घडून गेलं होतं, सिद्धांत बाईंच्या हाती येत नव्हता. त्या मंदिरात गेल्या. सुमननं समई लावली होती. बाई खडावांसमोर वाकल्या, कपाळ टेकवलं, आणि टेकवलेलंच ठेवलं.

गुळगुळीत लाकूड.

लहानपणी आईचं बोट धरून त्या इथे येत, तेव्हा डाव्या खडावेचा उडालेला टवका कपाळाला बोचायचा. आई म्हणायची, बोचलं म्हणजे बुवांनी ऐकलं. कितीतरी वर्षांत बोचलं नव्हतं. आपलीच कातडी जाड झाली, आपलीच भक्ती पातळ झाली, असं समजून त्यांनी स्वतःला बोल लावला होता. कपाळाला काल आठवलं होतं ते हेच. कातडी नव्हती बदलली. खडावा बदलल्या होत्या.

त्या उठून दाराशी आल्या. वर पाहिलं. झेंडू आणि आंब्याच्या पानांचं कालचं तोरण डाव्या टोकाला खिळ्यावर होतं. उजवं टोक सुटून चौकटीवरून खाली लोंबत होतं. सुटलं नव्हतं, लावलंच नव्हतं. उजव्या बाजूला खिळा नव्हता. डावा खिळा कोरा करकरीत.

"सुमन, तोरण कोण लावतं?"

"पंकजदादाच. दुसऱ्या कुणाला हात लावू देतात का ते?"

"काल हार तुला घालायला सांगितला. आणखी काय सांगितलं होतं?"

सुमन आठवू लागली. "बुक्का तूच लाव म्हणाले. नैवेद्य तूच दाखव. हाताला लागलंय ना. मी तीर्थ द्यायला गेले, तर दादा मागे सरकले. म्हणाले, मला नको."

"तीर्थ घ्यायला कितीसा हात लागतो गं?"

कोकिळाबाई पायरीवर बसल्या. कीर्तनाच्या गादीवर उभं राहिलं की समोरचं सगळं दिसतं. कोण पेंगतोय, कोण रडतोय, कोण चपलांवर नजर ठेवून बसलाय. काल त्यांनी पंकजला पाहिलं होतं. बांबूच्या बाहेर, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, सबंध कीर्तन एका जागी उभा. इतक्या वर्षांत तो कधी बांबूच्या बाहेर उभा राहिला नव्हता. एकदा सोडून. देडतलाईचे काका गेले तेव्हा.

एकेका गोष्टीला एकेक निमित्त होतं. सगळ्या मिळून कारण एकच होतं.

"तृप्ती," त्या म्हणाल्या, "टीआय मॅडमना बोलाव. सांग, तो खिळा घेऊन या. आणि घाई करा म्हणावं, बारा वाजायच्या आत."

६

पंकज खालच्या पायरीवरच होता. मॅडम आल्या, तृप्ती आली, तरी तो नदीकडेच बघत राहिला. कोकिळाबाई त्याच्यापासून एक पायरी वर बसल्या.

"पंकज, नंदकुमार गेला हे तुला कधी कळलं?"

"तुमच्यासोबतच, काकू. साडेदहाला."

"मग साडेआठला, कीर्तन सुरू होताना, तू सुतक कुणाचं पाळत होतास?"

नदीवर एक होडी चालली होती. पंकजनं ती नजरेआड होईतो पाहिली.

"कपड्यांनिशी आंघोळ," बाई शांतपणे बोलू लागल्या, आख्यानात बोलतात त्याहून हळू. "देवाला शिवायचं नाही, हार घालायचा नाही, बुक्का लावायचा नाही. नैवेद्य दुसऱ्याच्या हातून. तीर्थ नाही. मंडपाच्या बाहेर उभं राहायचं. हात खरचटला म्हणून माणूस तबक धरणार नाही, पण नमस्कारही करणार नाही? आणि भाऊबंद नदीत उतरले तेव्हा तू उतरला नाहीस. तुझी आंघोळ झालेली होती. सुतक कानावर आल्यापासून लागतं, हे मीच तुला सांगितलं होतं. काल साडेआठला ती बातमी साऱ्या बऱ्हाणपुरात एकाच माणसाला ठाऊक होती."

"माताजी," मॅडम हळूच म्हणाल्या, "कपडे रक्त धुवायला भिजवले असतील. सुतकावर कोर्ट चालत नाही."

"खिळ्यावर चालेल ना? वर बघा."

अश्विनी मॅडमनी वर चढून, पिशवीतला खिळा काढून तोरणाच्या डाव्या खिळ्याशी धरला. तोच आकार, तेच डोकं. तबलजीला खिळ्याचं काय काम? तोरण लावणाऱ्याला मात्र निंबाची हातोडी सोयीची, आदल्या दिवसापासून मंदिरातच पडलेली. एक खिळा ठोकून झाला, दुसरा हातात होता, तेवढ्यात कुणीतरी मागून हाक मारली.

"आता तूच सांग," बाई म्हणाल्या. "की मी चुकले? चुकले असेन तर आत चल, तीर्थ घे, आणि बुवांच्या खडावांवर हात ठेवून म्हण. मी विटाळ माझ्या डोक्यावर घेते."

पंकजनं मान फिरवली. मंदिराकडे पाहिलं, आणि पुन्हा नदीकडे.

"त्या बुवांच्या नाहीत," तो म्हणाला.

मग तो बोलायचा थांबला नाही. अकरा वर्षांपूर्वी तापीला पूर आला. पाणी चढू लागलं की खडावा वर गावात न्यायच्या, ही महाजनांची सेवा, आणि पाळी त्याची होती. सगळं गाव किल्ल्याच्या भिंतीवर पूर बघायला जमलं, तोही गेला. उंबऱ्याला पाणी लागलं की उतरू, म्हणाला. उंबरा कधी बुडाला ते कळलंच नाही. देडतलाईच्या काकांनी नव्या खडावा कोरून दिल्या आणि शपथ घेऊन तोंड मिटलं.

"लोक मूल मागतात त्यांच्यापाशी, काकू. म्हातारी माणसं मरताना त्यांचं पाणी मागतात. आणि मिळतंय ना त्यांना? मग? नंदूला कुठूनसा तो फोटो मिळाला. मला हौदाकडे बोलावून म्हणाला, आज पाहुण्यांसमोर सांगणार. मी पाया पडलो त्याच्या. तो हसला नाही, रागावला नाही. म्हणाला, दादा, आयुष्यात एकदा तरी खरं सांगू दे. आणि तिथेच छत्री रोखून बोलून बघायला लागला, पाहुण्यांसमोर बोलणार होता तसं. 'मंडळी, इथे थांबा.' पाठ माझ्याकडे होती. हातोडी हातात होती."

तृप्तीनं तोंडाला ओढणी लावली.

ह्या माणसाच्या हातचे हार कोकिळाबाईंनी वीस वर्षं गळ्यात घातले होते.

"ते एका क्षणात झालं असेल," त्या म्हणाल्या. "पण निंबाला गाडीत बसवलं तेव्हा तू बांबूला धरून उभा होतास. रात्र गेली, सकाळ झाली. देवाला विटाळ होऊ नये म्हणून तू घोटभर तीर्थ घेतलं नाहीस. आणि निंबाचा जन्म नासत होता, तो तुला विटाळ वाटला नाही?"

मॅडमनी दंडाला धरलं तसा पंकज उठला. चार पायऱ्या चढला आणि दाराकडे बघून थांबला.

"काकू, ते तोरणाचं दुसरं टोक..."



७

निंबा त्याच दुपारी सुटला. हातोडी पोलिसांकडेच राहिली. खटला संपेपर्यंत मिळायची नाही, आणि मिळाली तरी तो ती घेणार नव्हता. धूलकोटची माणसं गुरुवारी आली नाहीत. निरोपही आला नाही. भूमिकेनं भिजवलेले पोहे शेजारी वाटून टाकले.

मंदिर धुतलं, शुद्ध केलं. रविवारी पुन्हा कीर्तन ठेवलं. काही महाजन म्हणाले, खडावांचं बोलू नका, लोकांचा विश्वास आहे. कोकिळाबाईंनी ऐकून घेतलं. मग गादीवर उभ्या राहिल्यावर त्यांनी पहिल्यांदा तेच सांगितलं. बुवांच्या खडावा तापीनं नेल्या. ह्या अकरा वर्षांच्या आहेत. हे लपवण्यापायी एक माणूस मेला आणि दुसरा मरत होता. ज्याला उठून जायचं त्यानं जावं.

मंडपाच्या कडेला बसलेली दोन घरची माणसं उठून गेली. एका म्हातारीनं खडावांकडे पाहिलं, हातातलं फूल पाहिलं, आणि ती सरळ पायऱ्या उतरून गेली. फूल तिनं नदीत सोडलं.

पेटीचा सूर धरला होता, पण तबल्याची जागा रिकामी होती. साडेआठ वाजत आले होते. आज तो आलाच नाही तर? बाईंनी किल्ल्याच्या पायऱ्यांकडे पाहिलं.

वरून फेरी उतरत होती. पुढे तृप्ती, हातात नंदकुमारची छत्री, तेवढी पोलिसांनी परत दिलेली. मागे सात-आठ पाहुणे. ती हौदापाशी थांबली. छत्री तिनं रोखली नाही. काय बोलली ते मंडपापर्यंत ऐकू आलं नाही, पण पाहुण्यांनी एकेक करून चपला काढल्या.

आणि त्या घोळक्यात, त्यांच्याच पावलानं चालत, तबल्याची पिशवी खांद्याला लावून निंबा होता. आज त्यानं दार लावून घेतलं नव्हतं. फेरी घरावरून गेली, तेव्हा तो ओट्यावर उभा होता, आणि तृप्तीनं थांबायच्या ऐवजी विचारलं होतं, "काका, येता का सोबत?"

तो येऊन बसला. घाटावरचा गोटा उचलला, तबला दोनदा ठोकून पाहिला. पुरता चढला नाही. दारावर तोरण अजून एकाच टोकानं लोंबत होतं, फुलं काळी पडलेली. ते काढायलाही कुणी हात लावला नव्हता.

"चालंन का बाई, असा?" निंबानं विचारलं.

"चालेल," कोकिळाबाई म्हणाल्या, आणि त्या उतरलेल्या तबल्यावर त्यांनी आपला सूर खाली आणला.